आमच्यात असलं काही नाही

छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

ताई,

तू आमचे सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस. आईचा, माझा, मावशीचा, आणि एकदा ज्याच्या फोनवरून मी चोरून लावला होता त्या झेरॉक्सवाल्याचाही. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र लिहितोय. पत्ता नागपूरच्या तुझ्या शाळेचा आहे. हेडमास्तरांनी आधी फोडलं तर त्यांना माझा नमस्कार सांग.

अक्षर कोंबडीच्या पायाचं आलंय, कारण उजव्या हाताला सलाइन आहे. मी दवाखान्यात आहे. घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण घाबरण्यासारखं काही नसतं तर आठ वर्षांनी पत्र कशाला लिहिलं असतं?

मार्चमध्ये शेंद्र्याच्या कंपनीत कंट्रोल पॅनल उघडून उभा होतो आणि चक्कर येऊन पडलो. माझ्या जोडीला बद्रीनाथ असतात, पन्नाशी उलटलेले, मेंटेनन्समधले सगळ्यात जुने. त्यांना वाटलं मला शॉक लागला. शॉक लागलेल्याला हात लावायचा नसतो, लाकडानं सोडवायचा असतो. त्यांनी फळी उचलली आणि मला इमानेइतबारे बडवून काढलं. लाइन बंद होती हे सांगायला मी शुद्धीवर नव्हतो. पाठीवर काळेनिळे वळ उठले ते बरे व्हायचे सोडून पसरतच गेले. डॉक्टरकडं पाठ दाखवायला गेलो आणि निघालं रक्ताचं.

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथं मूळपेशी असतात, सगळ्या रक्ताच्या आया. त्यांच्यापासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, सगळं लेंढार जन्माला येतं. माझ्या मगजातल्या या आया संपत आल्यात, आणि ज्या उरल्यात त्या बिघडत चालल्यात. दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मूळपेशी मिळाल्या तर मी जगेन. नाही मिळाल्या तर किती दिवस, असं विचारलं की डॉक्टर विषय बदलतात. यावरून काय ते समज.

इथल्या डॉक्टरांचं नाव मुबश्शिरा. तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "सगे भाई-बहन कितने हैं?" मी म्हटलं, "एक बहीण आहे. सख्खी आहे का, ते तिला विचारावं लागेल." त्या हसल्या नाहीत.

सोबत एक पाकीट आहे. त्यात कापसाच्या काड्या आहेत. गालाच्या आतून फिरवायच्या, नळीत घालायच्या, सही करायची आणि कुरिअर करायचं. घरी यायचं नाही, आईला भेटायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही. भावंडांत चारातल्या एकाचं जुळतं म्हणे. आता आणखी तीन भावंडं मी आणू कुठून? बापू असते तर त्यांच्यावर ढकललं असतं.

काड्या पाठव ताई. मला मरायचं नाही.

तुझा विश्वजीत


२ जुलै

ताई,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी होती: "सही केली आहे. आभार मानू नकोस." बरं, मानत नाही.

जुळलं. पूर्ण जुळलं! डॉक्टर मुबश्शिरा खुर्चीतून उठून माझ्या पलंगाजवळ आल्या, इतकं जुळलं. आईनं अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. माझ्या शेजारच्या आजोबांना साखरेचा त्रास आहे, त्यांनाही बळंच एक भरवला. "माझ्या लेकीचं जुळलं," असं ती प्रत्येक नर्सला सांगत होती. माझ्या लेकीचं, असं. मी कॉटवर पडून ऐकत होतो. तू कानांनी ऐकलं असतंस तर काय म्हणाली असतीस, याचा विचार करत होतो.

पुण्याच्या दवाखान्यात नाव घातलंय. ऑगस्टमध्ये नंबर लागेल. तुला भूल देऊन कापणार वगैरे नाहीत. आधी चार दिवस इंजेक्शनं, मग दंडातून रक्त काढून मशिनीतून फिरवतात आणि मूळपेशी तेवढ्या गाळून घेतात. येशील ना?

रिकामा बसलो की डोकं नको तिथं चालतं, म्हणून मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. अंगातल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग मगजातल्या पेशीला कसं कळतं की आपण रक्ताची आई आहोत, कातडी नाही, काळीज नाही? त्यांनी माझ्या तपासणीच्या कागदामागं चित्र काढून दाखवलं. पाचसहा जनुकं असतात. हे चालू असलं की ते चालू होतं, आणि ते चालू असलं की ह्याला चालू ठेवतं. सगळी मिळून एकमेकांना धरून ठेवतात आणि बाकीच्या शेकड्यांना दाबून ठेवतात. हे जाळं जोवर धरून आहे, तोवर पेशी स्वतःला ओळखते.

मला हसायलाच आलं. हा तर आपल्या चितेगावच्या मळ्यातल्या मोटरचा स्टार्टर! हिरवं बटन दाबलं की खट्कन पकडतो, आणि बोट काढलं तरी सोडत नाही, कारण एकदा पकडल्यावर तो स्वतःच स्वतःला करंट देत राहतो. मी दिवसभर पॅनलमध्ये हेच करतो, एक रिले दुसरीला धरते, दुसरी पहिलीला. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगदी हेच. हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी माझे हात उलटेसुलटे करून चामखिळी पाहिल्या होत्या. "ये मस्से कब से हैं?" असं मला विचारलं. मग आईकडं वळून मराठीत, "घरात आणखी कुणाला आहेत? कुणाचा पाय सुजतो? रक्ताच्या आजारानं, लहान वयात कुणी गेलंय का?"

मावशी शेजारीच बसली होती. तिच्या श्रेयाची सोयरीक जमत आली आहे, ते पाहुणेही शेंद्र्याचेच. आईनं मावशीकडं पाहिलं, मावशीनं आईकडं. आई म्हणाली, "नाय हो डॉक्टरीणबाई, आमच्यात असलं काही नाय. आमचं घराणं निर्मळ हाय."

ताई, अगदी तोच सूर. तुला पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढं लावला होता तो. तेव्हा तुझ्या चामखिळी चुन्यानं जाळल्या होत्या, आणि व्रण दिसू नयेत म्हणून कोपरापर्यंत मेंदी. बायका म्हणत होत्या, नवरीला हौस किती! मेंदी उतरली आणि सासूला हात दिसले, मग सुजलेला पाय दिसला. "रोगट पोरगी गळ्यात मारली" म्हणून त्यांनी तुला आणून सोडलं, आणि आईनं तिसऱ्याच दिवशी जीपमध्ये बसवून परत धाडलं. तिथून तू जी गेलीस ती आम्हाला दिसलीच नाहीस.

असो. डॉक्टरांचं आईच्या बोलण्यावर समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी माझ्या दंडाच्या कातडीचा तुकडा घेऊन कुठल्याशा तपासणीला पाठवलाय. येईल तेव्हा येईल. तुझं जुळलं हे माझ्यासाठी पुरे आहे.

विश्वजीत


१९ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. आठ ओळींचं. मी ते इतक्यांदा वाचलं की नर्सला वाटलं प्रेमपत्र आहे. रजा टाकलीस, पुण्याला येतेस, पण आईसमोर उभी राहणार नाहीस, हे सगळं मान्य.

पण इतक्यात येऊ नकोस. पुण्याला खोली रिकामी नाही. तिथं हवा गाळणारी खास खोली लागते आणि तिचं काहीतरी काम निघालंय. महिना पंधरा दिवस जातील. रजा मागं घे, शाळेला उगाच का खड्ड्यात घालायचं?

इंजेक्शनं सुरू करायला तुला नागपुरात कुणी सांगितलं तर घेऊ नकोस. माझ्या पत्राची वाट बघ.

मी बरा आहे. काल वरणभात खाल्ला. इथं पाऊस चांगला आहे.

तुझा डावा पाय अजून सुजतो का गं? संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा तसा? सहज विचारतोय.

विश्वजीत


२२ जुलै

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. पुण्याच्या खोलीला काही झालेलं नाही. खोली तयार आहे, तारीखही मिळाली आहे. मी खोटं लिहिलं, आणि लिहिताना एकदाही पेन अडखळलं नाही. शेवटी त्याच आईच्या पोटचा.

कातडीच्या तुकड्याचा रिपोर्ट १७ तारखेला आला. त्या पाचसहा जनुकांतलं एक आहे, त्याचं नाव गाटा टू. स्टार्टरची मुख्य कॉइल म्हण. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. माझी एक प्रत जन्मापासून मेलेली आहे. म्हणजे माझं मगज एकोणतीस वर्षं अर्ध्या व्होल्टेजवर चाललंय.

अर्ध्या व्होल्टेजवर स्टार्टर काय करतो ते तुला सांगायला नको. उन्हाळ्यात आपण दोघं विहिरीवर बसून ऐकायचो. तडतड तडतड. धरतो, सोडतो, धरतो, सोडतो. एखादे दिवशी धरून बसतो आणि सगळ्यांना वाटतं सुटला तिढा. माझ्या मूळपेशींचं तेच झालं. जाळं सुटत गेलं. पेशी आई म्हणून राहीना आणि धड लेकरूही होईना. काहींचं व्होल्टेज साठीपर्यंत पुरतं, काहींचं विशीतच संपतं, आणि कुणाचं कधी ते कुणीच सांगू शकत नाही.

हातावरच्या चामखिळीही त्याचंच देणं. चामखिळीच्या विषाणूला आवरणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी असतात. पाय सुजतो तोही त्यानंच. आई आपल्या दोघांच्या चामखिळींना घोड्याचा केस बांधायची, आठवतं? वरातीच्या घोडीचा केस उपटायला मला धाडायची. मी एकदा लाथ खाल्ली होती आणि तू हसून हसून लोळली होतीस. आपण जनुकाला घोड्याच्या केसानं बांधत होतो ताई.

रिपोर्ट वाचून डॉक्टर मुबश्शिरांनी आईला आत बोलावलं. मावशी नव्हती, दार लावलेलं. म्हणाल्या, "अम्मा, हे वरून आलेलं आहे. आता तरी सांगा." आईनं हात पदराखाली घेतले. मग एकेक निघालं.

भागूबाई आजी काविळीनं गेली असं आपण ऐकत आलो. कावीळ नव्हती. हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर डाग उठायचे, चाळिशीत गेली. कडूबा मामाला "हवा लागली" म्हणायचे. त्याचा एक पाय खांबासारखा होता आणि बोटं चामखिळींनी भरलेली, सव्विसाव्या वर्षी तापानं गेला. आईच्या लग्नाची बोलणी चालली होती म्हणून त्याला सोयगावला एका नातेवाइकाच्या खोलीत ठेवलं होतं. दवाखान्यात नेलं असतं तर लोकांनी पाहिलं असतं. भावाला लपवून आईचं लग्न जमलं. आई हे सांगताना रडली नाही. मलाच रडू आलं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आईच्या प्रत्येक लेकराला निम्मा संभव. बहिणीची काडी फ्रिजमध्ये आहे, त्यातूनच तपासता येईल. पण तिची सही लागेल, आणि तिला सगळं सांगावं लागेल. तपासल्याशिवाय तिच्या पेशी घ्यायच्या नाहीत. तिच्यातही हेच असलं तर बिघडलेलं काढून बिघडलेलंच बसवल्यासारखं होईल."

त्या गेल्यावर आईनं माझे पाय धरले. आईनं, ताई, माझे. म्हणाली, "तिला नको सांगू बाबा. ती ठणठणीत हाय, शाळेत शिकवती. पुण्यावाल्यांना कुठं ठावं हाय ह्यो रिपोर्ट? त्यांच्या फायलीत लावायचाच नाय. त्यांनी इचारलं तर मी सांगते, आमच्यात काही नाय. तू हो म्हण. तू वाच, मग तिला काय सांगायचं ते सांगू."

मी तिला हो म्हणालो. रात्रभर नाही, दोन दिवस मी तिला हो म्हणालोच होतो. त्या दोन दिवसांत तुला मागचं पत्र लिहिलं. आधी तुला थांबवायचं, मग नीट विचार करून बोलवायचं, असा माझा हिशेब होता. खरं सांगायचं तर मी हा हिशेब मांडत होतो: निम्मा संभव म्हणजे निम्मी वेळ तू चांगली असशील. निम्मी वेळ मी वाचेन. मरणाऱ्या माणसाला निम्मं खूप वाटतं गं.

पण मला तुझे हात माहीत आहेत. सगळ्या जगापासून मेंदीखाली लपवले, तरी मी ते रोज पाहिलेत. एकाच ताटात जेवलोय आपण. आणि चपलेचा पट्टा.

बापू कमी व्होल्टेजला काय करायचे आठवतं? हिरव्या बटनात लाकडाची पाचर खोचायचे. स्टार्टर धरत नाही ना, मग जबरदस्तीनं धरून ठेवायचा. मोटर चालायची, पाणी यायचं, बापू खूश. आणि त्या उन्हाळ्यात भरदुपारी धूर निघाला, मोटर जळाली, आणि मोसंबी वाळली. मी इलेक्ट्रिशियन झालो तो त्या दिवशी. आता माझ्या हाडात तीच पाचर मी स्वतः ठोकू?

तर सगळं सांगून झालं. सोबत संमतीचा कागद आहे. सही करायची की नाही ते तू ठरव. करायची तर माझ्यासाठी करू नकोस, तुझ्यासाठी कर. आणि नाही केलीस तरी नागपुरात रक्ताच्या डॉक्टरला हात दाखव. मेंदी न लावता दाखव. त्यांनी विचारलं की तुझ्यात आणखी कुणाला आहे, तर भागूबाई आजी सांग, कडूबा मामा सांग, आणि मी.

मला भीती वाटते ताई. हे आईला सांगता येत नाही, म्हणून तुला.

तुझा विश्वजीत


१४ ऑगस्ट

ताई,

डॉक्टर मुबश्शिरांनी तुला फोन केला आणि तू उचललास, हे मला कळलं. त्या माझ्याकडं आल्या तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसले की कळतंच. उभ्यानं सांगतात ती बातमी बरी असते.

तर आपण दोघं एकाच वायरिंगचे. पूर्ण जुळलं होतं ते उगाच नाही, वाईटासकट जुळलं.

तुझं रक्त अजून चांगलं आहे, आणि दर सहा महिन्यांनी तपासायचं, तुझ्यासाठी परका दाता आतापासूनच शोधून ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहू? आधी हेवा वाटला. मग हेव्याची लाज वाटली. मग बरं वाटलं, आणि ते अजून टिकून आहे. तुला वेळ मिळाला. माझ्या आजारातून काही निघायचंच होतं तर ते निघालं.

माझ्यासाठी परक्या दात्यांच्या यादीत शोध चालू आहे. अजून कुणी जुळत नाही. डॉक्टर "अजून" या शब्दावर जोर देतात. छातीत कफ आहे, ताप चढउतार करतो. बद्रीनाथ येऊन गेले. फळीनं बडवल्याबद्दल पुन्हा माफी मागत होते. मी म्हटलं, काका, तुम्ही बडवलं नसतं तर कळलंच नसतं. ते बाहेर जाऊन रडले म्हणे.

तू येतेस असं कळवलंस. ये. मला तुझ्याकडून काही नको आता, नुसती ये. आई असेल तेव्हा येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ती दिवसभर इथंच असते आणि कुणाशी बोलत नाही. रिपोर्ट पुण्याच्या फायलीत मीच लावायला लावला, तेव्हापासून माझ्याशीही नाही. पण रोज माझे पाय चेपते.

येताना संत्रा बर्फी आणू नकोस, मला बाहेरचं चालत नाही. तू खाल्लेली सांग, मी ऐकेन.

विश्वजीत


छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. राजनंदिनी हिस आईचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर किराण्याची यादी सोडून काही लिहिलं नाही. चुकलं तर समजून घे.

तू तेराव्याला आलीस, ओट्यावर बसलीस, घरात पाऊल टाकलं नाहीस, पाणी पण घेतलं नाहीस. तुझा हक्क हाय. विश्वजीतच्या शेवटच्या आठ दिवसांत तू त्याच्या उशाशी होतीस, त्याला गोष्टी सांगत होतीस, मी दाराबाहेरून ऐकत होते. तो हसला होता एकदा. तेवढं मला पुरतं.

तू जाताना दारात म्हणालीस की नागपूरच्या डॉक्टरांना घरातल्या सगळ्यांची माहिती पाहिजे, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी. म्हणालीस, आईला विचारून काय उपयोग. मी तेव्हा गप राहिले. पाहुणे गेले होते, घरी कुणी नव्हतं, तरी तोंड उघडलं नाही. इतक्या वर्षांची सवय. म्हणून आता लिहिते. हे त्यांना वाचून दाखव.

माझी आई भागूबाई. तिच्या हिरड्यांतून रक्त जायचं. मी लहान होते, तिच्या तोंडाला फडकं धरायचे. कावीळ नव्हती. माझा भाऊ कडूबा. त्याचा उजवा पाय सुजलेला असायचा आणि त्याला कमी ऐकू यायचं, हे डॉक्टरीणबाईला पण सांगायचं राहिलं. सोयगावच्या खोलीत तो एकटाच वारला. मी हळदीला बसले होते. मला लग्न झाल्यावर सांगितलं. तेव्हा मी त्याच्यासाठी रडले पण नाही, पाहुणे होते.

माझी तपासणी झाली. माझ्यात हाय. माझ्यातूनच तुम्हाला आलं. माझ्या पण हातावर चामखिळी हायेत, मी पदराखाली ठेवते, तू लहानपणी विचारायचीस आणि मी मारायचे.

श्रेयाला मी सगळं सांगितलं. मावशीला न विचारता. पोरीनं काडी तपासायला दिली. मावशी त्या दिवसापासून माझ्या दारात येत नाही. तिचा पण राग बरोबर हाय. पण पोरगी जगली पाहिजे.

विश्वजीतचं सगळं तुला ठाऊकच हाय. तरी डॉक्टरांसाठी लिहिते. माझा मुलगा विश्वजीत, वय एकोणतीस, इलेक्ट्रिशियन. त्याच्या हातावर लहानपणापासून होत्या. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

आता कुणी विचारलं तर सांग, आमच्यात हाय. माझ्या आईनं सांगितलंय म्हण.

तुझी आई